अमावास्येला औत धरत नाहीत

गेल्या हिवाळ्यात एका आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती. साडेदहाला मोटर चालू केली, उसाला पाणी लावलं आणि बांधावर पोतं टाकून बसलो. दारं धरणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एक सरी भरत आली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. दोन फावडी माती, एवढंच काम. पण मधल्या दहा-पंधरा मिनिटांत करायला काही नसतं आणि जागचं हलताही येत नाही. आमचे वडील या वेळात तंबाखू मळायचे आणि ऐकायचे. कोरड्या ढेकळातून पाणी जाताना चुरचुरतं, सरी भरत आली की तो आवाज बसतो. ते डोळे मिटून सांगायचे, 'ऊठ, भरली.'

मी मोबाइल काढला. कुणीतरी विहीर खोदत होतं ते बघितलं, मग एक कुस्ती, मग चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढताना बघितला. स्वतःच्या रानात बसून परक्याच्या रानातला ट्रॅक्टर बघत होतो, हे तेव्हा सुचलं नाही. भानावर आलो ते पाय ओले झाल्यावर. दार फुटलं होतं आणि पाणी बांधाखालच्या नानांच्या हरभऱ्यात शिरलं होतं. हरभरा ऐन फुलोऱ्यात. त्यात पाणी तुंबलं की तो पिवळा पडतो, मर लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं.

सकाळी नाना बांधावर उभे. कपाळाला हात लावलेला नाही, आवाज चढलेला नाही.

"का वो गुरुजी, डोळा लागला व्हता का काय?"

"हां नाना," मी म्हणालो, "दिवसभर शाळा, वरून जागरण. लागला डोळा."

झोप लागलेल्या माणसाला कोण काय बोलणार? नाना फावडं घेऊन पाणी काढून द्यायला लागले, मीही लागलो. पण मी खोटं का बोललो, ही गोष्ट डोक्यातून जाईना. झोप माफ असते. दारू पिऊन पडलो असतो तर चार शिव्या खाऊन तेही मिटलं असतं. जागा होतो, डोळे उघडे होते आणि तरी त्या बांधावर नव्हतो, हे सांगायची मात्र लाज वाटली. ज्या गोष्टीची लाज वाटते तिचा बचाव करायला माणूस सगळ्यात हुशार असतो. त्या हुशारीतले तीन-चार बचाव मी पुढं पारावर ऐकले, काही स्वतःही केले होते. ते एकेक करून तपासायचे आहेत.

आमचं सोनारी हे परंडा तालुक्यातलं गाव. बाहेरच्या माणसाला ते काळभैरवनाथासाठी माहीत असतं आणि देवळाभोवतीच्या माकडांसाठी. अलीकडं साखर कारखान्यासाठीही. तर एका रविवारी दर्शन करून पारावर टेकलो असताना मी मोहित्यांच्या वडगावची गोष्ट काढली. हे गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. तिथंही ऊस आहे आणि तिथंही भैरवनाथाचं देऊळ आहे. १४ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, तिथं बायकांची सभा झाली आणि एक भोंगा घ्यायचं ठरलं. तेव्हापासून संध्याकाळी ७ ला देवळावरून भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरातला टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला भोंगा पुन्हा वाजणार, मग ज्याचं त्यानं बघावं. आपल्याकडंही असं का होऊ नये, असं मी म्हणालो.

पार हसला. वडगावातही पहिल्यांदा पुरुष हसलेच होते, म्हणून तर बायकांना बोलवावं लागलं.

पहिला बोलला माझा पुतण्या. "काका, तुम्हाला पगार मिळतो म्हणून सुचतं. आमचं सगळं मोबाइलवर आहे." आणि त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. ई-पीक पाहणी मोबाइलवर, तीही शेतात उभं राहून फोटो काढून. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर हेच आहे. पीएम किसानची केवायसी मोबाइलवर. लाडक्या बहिणीची केवायसी मोबाइलवर, आणि ओटीपी यायच्या वेळी नेमकी रेंज जाते. खतवाल्याला पैसे मोबाइलवर. पावसाचा अंदाज मोबाइलवर. बार्शीच्या बाजारात तुरीला आज काय भाव फुटला, तेही मोबाइलवर. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तालुक्यातली माणसं बोटींनी आणि हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तेव्हा मोबाइल नसता तर?

यातलं एकही खोटं नाही. उलट त्याच्या यादीत मी भर घालतो. आम्हा शिक्षकांना रात्री साडेनऊला ग्रुपवर पत्र येतं, वर 'अतितातडीचे' आणि खाली 'उद्या सकाळी १० पर्यंत'. कुठल्या कार्यालयाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, वाचणारा शिक्षक असेल तर त्याच्या खिशात आत्ता तसलं एक पत्र असेल. अंगणवाडीच्या ताईंचं तर आणखी वरताण. पोषणाची माहिती भरायला सरकारनं दिलेले मोबाइल इतके चालेनासे झाले की ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते सरकारला परत करायचं आंदोलन केलं. काम मोबाइलवर लादलेलं आहे. ज्यानं लादलं त्यानं ते कमी करावं, ही मागणी वेगळी आणि रास्त आहे.

पण मी पुतण्याला एवढंच विचारलं, पीक पाहणीला किती वेळ लागला? म्हणाला, रेंज होती, वीस मिनिटं. हंगामातून एकदा. खतवाल्याचे पैसे? अर्धं मिनिट. हवामान? दोन मिनिटं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये रोजचा हिशेब लिहिलेला असतो, तो त्याला तिथंच उघडायला लावला. आदल्या दिवशीचे पाच तास वीस मिनिटं निघाले. पैशाचं अ‍ॅप त्यात तीन मिनिटं. पाऊस कुठं दिसलाच नाही. पोरगा प्रामाणिक, त्यानं स्क्रीन माझ्याकडं धरली आणि स्वतः दुसरीकडं बघायला लागला.

मोबाइल सालगड्यासारखा कामाला ठेवला असेल तर माझी काही तक्रार नाही. पण हा गडी दिवसाकाठी अर्धा तास राबतो आणि पाच तास मालकाला बाजेवर बसवून गोष्टी सांगतो. असला गडी आमच्या आजोबांनी पाडव्याच्या आत काढला असता. वर आपण गावाला सांगतो, काय करणार, गड्याशिवाय रान पडीक पडेल.

मुलांच्या अभ्यासाचंही तेच. 'असर' या शाळकरी मुलांच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. शंभरातल्या ८२ मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्या चालवता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामाला ५७ टक्क्यांनी वापरला आणि सोशल मीडियाला ७६ टक्क्यांनी. शिक्षक म्हणून मला ५७ हा आकडा लहान वाटत नाही, बरा वाटतो. म्हणून तर मोबाइल फेकून द्या असं मी म्हणत नाही. मात्र आई-बाप दुकानात हप्त्यावर फोन घेताना 'पोराच्या अभ्यासाला' असं सांगतात, तेव्हा त्यांनी उरलेला आकडाही ऐकलेला असावा.

पुराचं राहिलं. पुरात माणसं वाचली ती बोलण्यानं. 'आम्ही शाळेच्या माडीवर आहोत, पाणी चढतंय', हे सांगायला बटणाचा फोनही पुरतो, आणि चार दिवस लाईट गेली तर तोच शेवटपर्यंत चालू असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढं तो लागणार आहे. फोनवर बोलणं वेगळं, मोबाइल बघत बसणं वेगळं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार माणसाकडून आला. सप्त्यासाठी आलेले एक महाराज पारावर होते. ते म्हणाले, "गुरुजी, भोंगे कशाला पाहिजेत? मन आवरावं." आणि सोनारीत बसल्यावर दुसरं कुठलं उदाहरण सुचणार? त्यांनी माकडाची गोष्ट सांगितली. निमुळत्या तोंडाचं मडकं, आत फुटाणे. माकड हात घालतं, मूठ भरतं, भरलेली मूठ बाहेर निघत नाही आणि मूठ सोडवत नाही. पारधी येतो आणि धरतो. तात्पर्य, मूठ सोडा.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गाला कितीतरी वेळा सांगितली आहे. आता सांगत नाही. तिच्यात एक माणूस दर वेळी नामानिराळा सुटतो. मडकं कुणी मांडलं? तोंड नेमकं एवढंच निमुळतं कुणी घडवलं? फुटाणे कुणी टाकले? सगळा दोष माकडाच्या मुठीचा आणि पारधी मात्र गोष्टीत हवापाण्यासारखा, कुणी त्याला एक शब्द बोलत नाही.

खरं माकड बघायचं असेल तर देवळासमोर तासभर बसावं. त्या रविवारी एका बाईच्या पिशवीतून एका माकडिणीनं नारळाचं अर्धं भकल उचललं. भिंतीवर चढली. भकल दोन्ही हातांत धरून फिरवून बघितलं, वास घेतला, मग कडेनं दातांनी खोबरं खरवडायला लागली. पोटाला पिल्लू. खाली दहा-बारा माणसं मोबाइल वर करून उभी. तिनं एकदाही खाली बघितलं नाही. खोबरं संपलं, तशी करवंटी टाकून दिली. करवंटी फरशीवर वाजली तेव्हा दोघंतिघं दचकले, कारण ते तिच्याकडं बघतच नव्हते, व्हिडिओ नीट आला का ते बघत होते. मन आवरण्याची शिकवण त्या भिंतीवर कुणाला द्यायची आणि खाली कुणाला, हे महाराजांनी ठरवावं. (आमच्या जिल्ह्यात माकडांना तसा मान आहे. धाराशिवजवळच्या उपळ्यात ३२ एकर जमीन माकडांच्या नावे लागलेली आहे. सातबारावाल्या माकडांना लोभाचं प्रतीक करणं बरं नव्हे.)

खोबरं संपलं, ही त्यातली मुख्य गोष्ट. पूर्वीच्या सगळ्या करमणुकी संपत होत्या. वर्तमानपत्राला शेवटचं पान असे. तमाशाचा वग पहाटे संपे. आकाशवाणी रात्री निरोप घेई. १९८७-८८ मध्ये रामायण लागायचं तेव्हा रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत, हे खरं, पण भाग संपला की लोक उठून गोठ्यात जात, पुढचा भाग बघायला पुढचा रविवार उजाडावा लागे. 'रेडिओ आला तेव्हाही म्हातारे असंच ओरडत होते, टीव्ही आला तेव्हाही', असं तोंडात मारल्यासारखं जे बोललं जातं, त्याला माझं हे उत्तर आहे. म्हातारे ओरडत होते, त्यातलं बरंचसं फुकट होतं, पण त्या यंत्रांना शेवट होता. मोबाइलवरच्या पडद्याचा शेवट मुद्दाम काढून टाकलेला आहे. बोट सरकवत राहिलं की खालून नवीन येतच राहतं, ही सोय अझा रस्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं २००६ मध्ये तयार केली. पुढं त्यानंच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. म्हणजे ज्यानं मडकं घडवलं तो म्हणतो, तोंड निमुळतं झालं. आणि आपण महाराजांच्या मागं बसून मुठीला दोष देतो.

फुटाण्यांचंही ऐका. २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत १ जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, माणूस फोटोसुद्धा विचार करून उघडे. मग जिओ आलं, आधी फुकट, नंतर स्वस्त, आणि रोजच्या दीड-दोन जीबीची सवय लागली. आज उरलेला डेटा उद्या मिळत नाही, रात्री बाराला बुडतो. शेतकऱ्याच्या घरात काही वाया जाऊ द्यायची पद्धत नाही. शिळी भाकरी कुस्करून खाणारी आमची जात. मग रात्री अकराला पोरं काय म्हणतात? 'थांब, डेटा शिल्लक आहे, संपवू दे.' काटकसरीच्या संस्कारालाच असा फास लावलेला आहे. याच्यासमोर एकेकट्यानं मन आवरायचं म्हणजे एका बाजूला जगातले हुशार इंजिनिअर आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस. ही कुस्ती जोड बघून लावलेली नाही. चैत्राच्या यात्रेत असली जोड पंच लावू देणार नाहीत.

एकट्यानं आवरायचं म्हटलं तर आणखी एक अडचण आहे. मी एक महिनाभर संध्याकाळी मोबाइल बंद ठेवून पाहिला. दोन दिवसांत बायको वैतागली, कारण माझ्याऐवजी सगळे तिला फोन करायला लागले. भावकीच्या ग्रुपवर एक साखरपुडा ठरून गेला, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि वर 'गुरुजी आता मोठे झाले' हे ऐकावं लागलं. सगळा गाव चालू असताना एकानं बंद राहणं म्हणजे पंगतीत एकट्यानं उपास धरण्यासारखं. उपास त्याचा आणि अवघडलेपण सगळ्यांचं.

महाराज गप्प झाले तसे आमचे आप्पा पुढं सरसावले. आप्पांनी एकेकाळी गावकारभार पाहिला आहे, त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्यावर ठराव असतो. "मग बंदी घाला. अठराच्या आत कुणाच्या हातात मोबाइल दिसला की दंड." अशी बंदी काही आप्पांच्या डोक्यातून आलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, तो सगळ्या राज्यात गाजला. हेतू चांगला, काळजी खरी. पण मला बंदीचं भय वाटतं.

एक तर बंदी गोष्टीवर पडते आणि सवय शाबूत राहते. २९ जून २०२० ला टिकटॉकवर देशात बंदी आली. कारण वेगळं होतं, सरहद्दीचं. आमच्याकडची दोन-तीन पोरं त्यावर नाचायची, त्यांना वाटलं सुतक पडलं. ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. सुतकाचे दहा दिवससुद्धा पुरे झाले नाहीत.

दुसरं, बंदी घालणारा हात नेहमी खालच्याच अंगाला पडतो. २०१९ च्या जुलैत गुजरातेत दांतीवाडा तालुक्यातल्या १२ गावांत ठाकोर समाजानं मोबाइलबंदीचा ठराव केला. कुणाला बंदी? लग्न न झालेल्या मुलींना. मुलगे मोकळे. 'असर'च्याच २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, मोबाइल चालवता येणाऱ्या मुलग्यांपैकी स्वतःचा फोन असलेले ४३.७ टक्के निघाले आणि मुली १९.८ टक्के. ज्या घरात आधीच मुलीच्या हातात फोन कमी आहे, तिथं 'कमी करा' म्हटल्यावर कुणाचा कमी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दहावीला पहिली आलेली माझी एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "सर, तुमच्या भाषणानंतर पप्पांनी माझा मोबाइल काढून घेतला, दादाचा नाही." त्या भाषणाबद्दल मला टाळ्या मिळाल्या होत्या.

आणि तिसरं, आप्पा हे सगळं बोलत असताना त्यांच्या मांडीवर मोबाइल चालू होता. आवाज बारीक केला होता एवढंच.

बंदीच करायची तर मडकं मांडणाऱ्यावर करावी. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांची खाती सोशल मीडियावर ठेवायची नाहीत असा कायदा लागू झाला. त्यात मुलाला दंड नाही, आई-बापाला नाही. कंपनीला आहे, ४.९५ कोटी डॉलरपर्यंत. तो कायदा कितपत टिकतो ते दिसेल, पण निदान गोष्टीतल्या पारध्याचं नाव तरी त्यांनी घेतलं. ते काम संसदेचं, सोनारीच्या पाराचं नव्हे. पाराला काय करता येतं?

पाराला पाळता येतं. हा शब्द आपल्याकडं जुना आहे आणि बंदीपेक्षा त्याची जात वेगळी. एकादशी पाळतात, वार पाळतात, सुतक पाळतात. अमावास्येला औत धरत नाहीत. माझ्या लहानपणी अमावास्येच्या दिवशी गावात एकही बैल जुंपलेला दिसत नसे. त्यासाठी ठराव नव्हता, दंड नव्हता, कुणी फौजदार बांधावर येत नव्हता. एकट्यानं औत सोडलं असतं तर त्याचं रान मागं पडलं असतं, वापसा गेला असता. सगळ्यांनीच सोडलं की कुणाचंच मागं पडत नाही. मालकाला हाव असो की नसो, बैलाला महिन्यातून एक दिवस मिळायचा. आमच्या जिल्ह्यात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आहे. तिचा जोर पूर्वेकडं जास्त. त्या दिवशी गावंच्या गावं, बाजारपेठासुद्धा, रानात जाऊन कडब्याच्या कोपीपुढं बसतात, भज्जी-आंबील खातात. दुकान बंद ठेवल्याबद्दल कुणाचं गिऱ्हाईक तुटत नाही, कारण गिऱ्हाईकही रानातच असतं.

'ही अंधश्रद्धा', असं कॉलेजात शिकणारी माझी पुतणी म्हणाली. असेल. अमावास्येला नांगरलं तर काही वाईट होत नाही, हे मी वर्गात शिकवतोच. पण श्रद्धा गेली तशी सुट्टीही गेली, याचा हिशेब कुणी मांडला नाही. ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला अमावास्या नाही. यंत्र थकत नाही म्हणून माणसालाही थकायची सोय उरली नाही. मोबाइल त्याच वाटेनं आला आहे. त्याची बॅटरी संपते तेव्हाही आपण त्याला चार्जिंगला लावून तसंच बघत बसतो, वायर पुरेल तेवढं वाकून.

वडगावनं केलं ते मला पाळणुकीच्या जातीचं वाटतं. भोंगा सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो, त्यामुळे 'मीच का' हा प्रश्न मिटतो. वेळ ठरलेली, तीही दीड तासाची. पुढं मोकळीक. आणि नुसता भोंगा बसवून सरपंच विजय मोहिते घरी गेले नाहीत. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरत होते, कारण सातला भोंगा वाजला तरी मालिका सातचीच असते. आमच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळचे दोन तास असेच ठरवले. म्हणजे धाराशिवच्या मातीला हे परकं नाही. लांबचं उदाहरण हवं असेल तर जपानमध्ये टोयोआके नावाचं शहर आहे. तिथं १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम आला की काम आणि अभ्यास सोडून मोबाइल दिवसाला दोन तास बघावा. लहानांनी आणि मोठ्यांनीही. मोडला तर शिक्षा काहीच नाही. जपानी लोक हसले, चिडले, आणि त्या निमित्तानं घरोघर किती तास होतात ते मोजलं गेलं असेल तर तेवढंही पुष्कळ.

सोनारीत मला काय हवं, ते पारावर सांगितलं तसंच इथं लिहितो. संध्याकाळी सातला, आरतीच्या सुमाराला. दीड तास. आणि सुरुवात मोठ्यांपासून. ज्या घरात बाप रील बघत पोराला 'पाढे म्हण' म्हणतो तिथं पोरगं पाढे म्हणत नाही, बापाच्या मोबाइलचा आवाज ऐकत असतं. दुसरं, फोन वाजला तर उचलायचा. हे मी आधी म्हणत नव्हतो. कारखान्याच्या हंगामात कोप्यांवर राहणारी ऊसतोड माणसं आठवली आणि माझं मत बदललं. मुलं गावाकडं आजीपाशी ठेवून ती इथं आलेली असतात. त्यांना लेकराचा आवाज ऐकायला, तोंड बघायला तीच वेळ मिळते, आणि त्यांतल्या एखाद्या मायमाउलीला सातच्या भोंग्याचं कारण सांगायची माझी हिंमत नाही. तिनं व्हिडिओ कॉल करावा, खुशाल तासभर करावा. बोलायला आडकाठी नको, बघत बसण्याला हवी. पाळणुकीला अशा वाटा असतातच. एकादशीला आजाऱ्यानं जेवलं तर पाप लागत नाही.

या दीड तासात लोकांनी करायचं काय, असं पुतण्यानं विचारलं. त्याच्या आवाजात खरी काळजी होती. मला त्याचं उत्तर देता येत नाही आणि द्यावंसंही वाटत नाही. वाचन करा, संवाद साधा, असले फलक आम्ही शाळेत पुष्कळ लावले. कुणी भांडेल, कुणी लवकर झोपेल, कुणी नुसतं दारात बसून राहील. वडील पाण्याचा आवाज ऐकत बसायचे, त्याला त्यांनी कधी छंद म्हटलं नाही.

पारावर काही ठरलं नाही. आप्पा म्हणाले, पुढच्या ग्रामसभेला विषय घेऊ, आणि चहा आला.

फेब्रुवारीत पुन्हा रात्रीच्या लाईटची पाळी आली. मोबाइल घरी कपाटावर ठेवला, मोटरचा काही निरोप आला तर असावा म्हणून बटणाचा फोन खिशात टाकला आणि रानात गेलो. थंडी ओसरली होती. पहिल्या दोन सऱ्यांचा आवाज मला कळला नाही, बॅटरी मारून बघावं लागलं. तिसरीचा थोडा कळला. एकच्या सुमाराला बांधाखालून नानांची बॅटरी हलत वर आली. त्यांचा हरभरा निघाला होता, जागेवर आता नुसती ढेकळं होती. ते बांधावर बसले, बंडीतून चंची काढली.

"नाना," मी म्हणालो, "त्या रात्री डोळा नव्हता लागला."

"म्हाईत हाय की," नाना म्हणाले. "त्वांडावर उजेड दिसत व्हता लांबनं." त्यांनी पान माझ्यापुढं धरलं. "ती सरी भरली बघा."